तेरा पेढ्यांचा मुनीम



आमच्या पेढीला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा कुटुंबाने एक स्मरणिका काढली होती. तीत आजोबांचे पानभर छायाचित्र होते, काका मंडळींचे मनोगत होते, बाजारातील मान्यवरांच्या शुभेच्छा होत्या. अलीकडे माळ्यावरच्या जुन्या खतावण्या चाळताना एक वळणदार हस्ताक्षर वारंवार समोर येऊ लागले. ज्या वर्षी पेढी उधारीत बुडण्याच्या बेतात होती, त्या वर्षीच्या प्रत्येक पानावर तेच अक्षर होते. ते आमच्या त्या वेळच्या मुनीमजींचे. दोन वर्षांत त्यांनी थकलेली येणी वसूल करून खाते सरळ केले आणि मग आजोबांनी एका शब्दावर त्यांना नात्यातल्या दुसऱ्या पेढीवर धाडले, कारण तेथेही तसाच गुंता झाला होता. तेथून ते तिसरीकडे गेले. स्मरणिका पुन्हा उघडून पाहिली. मुनीमजींचे नाव तीत कोठेही नव्हते. त्या स्मरणिकेचा मजकूर जुळवणाऱ्यांत मीही होतो.

त्या दिवशी मला दूरदेशीचा एक खेळाडू आठवला. त्याचे नाव ऑक्टाव्हिओ डोटेल. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीत, सांतो डोमिंगो येथे, 25 नोव्हेंबर 1973 रोजी तो जन्मला. अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत तो 1999 पासून 2013 पर्यंत पंधरा हंगाम खेळला आणि या काळात त्याने तेरा संघांचा गणवेश अंगावर चढवला. तोपर्यंत इतक्या संघांकडून कोणीही खेळले नव्हते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट या परिसरात स्थिरावली आहेत. त्यांना हा खेळ परिचित असेल. इतरांसाठी थोडे विवेचन आवश्यक आहे.

क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. तो सुमारे साडेअठरा मीटर अंतरावरून, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही थोड्या कमी अंतरावरून, चेंडू फेकतो आणि त्याचा वेग पुष्कळदा ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात असतो. सामना नऊ डावांचा असतो. आरंभ करणारा पिचर शंभरेक चेंडू टाकून थकतो. तो थकला, दुखावला किंवा त्याच्यावर धावांचा मारा होऊ लागला, की मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या कुंपणाआड बसलेल्या राखीव पिचरला बोलावणे येते. हाच रिलीफ पिचर. त्याला आपल्या कामाची वेळ ठाऊक नसते. सामन्याचे बहुतेक तास तो बसून काढतो. मग दूरध्वनी वाजतो, काही मिनिटांत खांदा गरम करायचा आणि दुसऱ्याने करून ठेवलेल्या गोंधळात पाऊल टाकायचे.

या कामाचा हिशेब कसा लिहिला जातो, ते व्यापारी वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. समजा, पहिल्या पिचरने प्रतिपक्षाचे दोन धावपटू तळांवर पोहोचू दिले आणि तो बाहेर गेला. नंतर आलेल्या रिलीफ पिचरच्या चेंडूंवर ते दोघे घरी परतले, तर त्या धावा पहिल्याच्या खात्यावर पडतात. कारण कर्ज त्याने काढलेले असते. हे न्याय्यच झाले. परंतु रिलीफ पिचरने त्या दोघांना तेथेच रोखले, तर पहिल्याचे खाते स्वच्छ राहते आणि रोखणाऱ्याच्या मुख्य खात्यात त्याबद्दल काहीच जमा होत नाही. दुसऱ्याची बुडीत उधारी त्याने वाचवली, पण त्याच्या वहीत ते पान कोरेच. आघाडी तीन धावांहून अधिक नसताना शेवटचा डाव सांभाळून सामना संपवणाऱ्यास ‘सेव्ह’ नावाची नोंद मिळते. परंतु तिलाही अधिकृत मान्यता 1969 साली मिळाली. तोवर तीदेखील खातावहीबाहेरच होती.

डोटेल प्रारंभी सामन्याचा आरंभ करणारा पिचर होता. 1999 साली न्यूयॉर्क मेट्स संघातून त्याने पदार्पण केले. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला अटलांटाविरुद्धच्या निर्णायक मालिकेतील सामना नऊ डावांत सुटला नाही. तो पावसात पंधराव्या डावापर्यंत लांबला. अखेरचे तीन डाव या नवख्या मुलाने टाकले. पंधराव्या डावात त्याने धाव दिली आणि मेट्स मागे पडले. त्यानंतर त्याच्या सहकाऱ्यांनी फलंदाजीत सामना फिरवला, रॉबिन व्हेंचुराच्या फटक्याने विजय मिळाला, आणि नियमानुसार विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती डोटेलची. धाव त्याने दिली, सामना इतरांनी जिंकला, श्रेय त्याच्या नावे पडले.

आता याच्या उलट बाजू पाहा. त्या हिवाळ्यात त्याची ह्यूस्टनला रवानगी झाली. तेथे हळूहळू त्याचे सामन्याचा आरंभ करणे थांबले आणि तो बुलपेनमध्ये गेला. 11 जून 2003 रोजी न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, ह्यूस्टनचा मुख्य पिचर दुसऱ्या डावातच दुखापतीने बाहेर पडला. उरलेला सामना पाच जणांनी वाटून घेतला. सहा जणांनी मिळून यांकीजना संपूर्ण सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही. यांकीजवर अशी वेळ 1958 नंतर प्रथमच आली होती. त्यात आठवा डाव डोटेलचा. त्या एका डावात त्याने चार फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. डावात बळी तीनच असताना चार कसे, असा प्रश्न पडेल. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हाती न लागता निसटला तर फलंदाजाला पहिल्या तळाकडे धावता येते. तसा एक जण निसटला, म्हणून डोटेलला चौथा बाद करावा लागला. इतके करूनही त्या सामन्याचा विजय दुसऱ्या पिचरच्या नावे लागला आणि अखेरचा नववा डाव टाकायला आला बिली वॅग्नर. हा वॅग्नर पुढे 2025 साली बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडला गेला. आठवा डाव सांभाळून त्याच्या हाती सामना सोपवणाऱ्याचे नाव तेथे नाही.

एकदा अर्जित नसलेले श्रेय पदरात पडले, एकदा अर्जित श्रेय दुसरीकडे गेले. कर्मसिद्धांत मानणाऱ्या आपणांस यात नवल वाटू नये. पुरुषार्थ आपला, नोंद मात्र अनेक निमित्तांच्या मेळातून घडते. बाजारात तरी वेगळे काय असते? तेजीच्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा हुशार ठरतो आणि मंदीत पेढी तगवून धरणारा ‘काही वाढ केली नाही’ म्हणून ऐकून घेतो.

आता त्या तेरा संघांकडे वळू. न्यूयॉर्क मेट्स, ह्यूस्टन, ओकलंड, न्यूयॉर्क यांकीज, कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागो व्हाइट सॉक्स, पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस, कोलोरॅडो, टोरोंटो, सेंट लुईस आणि डेट्रॉइट. 2005 मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरीकडची शिर बसवण्याची ही शस्त्रक्रिया 1974 साली टॉमी जॉन नावाच्या पिचरवर प्रथम झाली. तोवर अशी दुखापत म्हणजे खेळाचा शेवटच असे. डोटेल वर्षभराने परतला. 2010 च्या एकाच हंगामात त्याने तीन गावे पाहिली: पिट्सबर्ग, तेथून जुलैअखेरीस लॉस एंजेलिस, आणि सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो. यांतील बऱ्याचशा बदल्या त्याला विचारून झालेल्या नव्हत्या. तेथे याला ‘ट्रेड’ म्हणतात. करार खेळाडूचा असतो, पण तो करार दुसऱ्या संघाकडे सोपवण्याचा अधिकार मालकाचा असतो.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, म्हणूनच येथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या परंपरेत श्रावकाने टाळावयाची जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत केशवाणिज्य हे एक आहे. द्विपद व चतुष्पद जीवांचा, म्हणजे माणसांचा आणि जनावरांचा व्यापार. माणूस हा माल नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी व्यापाराच्या नियमांतच लिहून ठेवले. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हाच प्रश्न कर्ट फ्लड या खेळाडूने उपस्थित केला. बारा वर्षे सेंट लुईससाठी खेळल्यावर 1969 साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या हवाली करण्यात आले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे संघटनेच्या प्रमुखास कळवून त्याने जाण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1972 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लड हरला. त्याची कारकीर्दही संपल्यात जमा झाली. परंतु प्रश्न मिटला नव्हता. लवकरच असा नियम झाला की ज्याची दहा वर्षे सेवा झाली आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात गेली, त्याला बदलीस नकार देता येईल. 1975 च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निर्णयाने करार संपल्यावर मुक्त होण्याची वाटही खुली झाली.

नियम चांगलाच होता. पण त्यातील दुसरी अट पुन्हा वाचा: शेवटची पाच वर्षे एकाच ठिकाणी. डोटेलचा सर्वांत दीर्घ मुक्काम ह्यूस्टनचा, आणि तोही साडेचार हंगामांचा. 2004 च्या जूनमध्ये तेथूनही त्याला ओकलंडला पाठवले गेले. म्हणजे ज्याला सतत हलवले जाते, त्याच्याच वाट्याला न हलण्याचा हक्क कधी येत नाही. स्थिरावलेल्याला संरक्षण, आणि ज्याला त्याची खरी गरज तो बाहेर. आपल्या पेढ्यांवरही असेच घडत नाही काय? वीस वर्षे एका गादीपाशी बसलेल्याच्या मुलीच्या लग्नाला आपण आवर्जून जातो. तीन वर्षे राहून गेलेल्याचा पत्ताही आपल्याकडे नसतो.

येथे अनेकांतदृष्टीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डोटेलला त्याच्या कामाचा मोबदला भरघोस मिळाला. त्याची तुलना गुलामीशी करणे हा खऱ्या गुलामांवर अन्याय ठरेल. तेथील खेळाडूंना सर्वोच्च संघांत अवघे 43 दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा काही हक्क प्राप्त होतो. आपल्या बाजारपेठेत वर्षानुवर्षे राबलेल्यांपैकी कितीजणांस असा हक्क आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. आणि आणखी एक गोष्ट. तेरा संघांनी त्याला सोडले हे खरे, तितकेच खरे हेही की तेरा संघांनी त्याला बोलावले. ज्याचा उपयोग नाही त्याला कोणी तेराव्यांदा बोलावत नाही. 758 सामने, 109 सेव्ह, 951 डावांत 1143 स्ट्राइकआउट. म्हणजे सरासरीने प्रत्येक डावात एकाहून अधिक फलंदाज त्याने चेंडूला स्पर्शही न करू देता किंवा चकवून परत पाठवला. एका जागी न टिकणे आणि कामात न टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्या घरांतून हे वेगळेपण आपण विसरतो. कोणाचा मुलगा पुण्यात चौथी नोकरी धरतो, कोणाची सून बंगळुरूला दुसऱ्या कंपनीत जाते, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “पाय स्थिर नाही.” पेढी पिढ्यान्‌पिढ्या एकाच चौकात राहिली, हा आपला अभिमान योग्यच आहे. परंतु ज्या तरुणाला पेढीचा वारसा नाही, त्याच्यासाठी त्याचे कौशल्य हीच पेढी, आणि ती त्याच्याबरोबर चालते. त्याची पारख मुक्कामांच्या संख्येवरून न करता, प्रत्येक मुक्काम सोडताना तेथील खाते त्याने कसे ठेवले, यावरून करावी.

डोटेलच्या कथेत एक सुंदर योगायोग आहे. 27 जुलै 2011 रोजी टोरोंटोने त्याला सेंट लुईसकडे दिले. त्याच सौद्यात एडविन जॅक्सन नावाचा आणखी एक पिचर होता. तो सकाळी शिकागोचा होता, मधल्या काही तासांपुरता कागदोपत्री टोरोंटोचा झाला आणि त्याच दिवशी सेंट लुईसचा. आठ वर्षांनी, 2019 मध्ये, हाच जॅक्सन खरोखर टोरोंटोचा गणवेश घालून मैदानात उतरला, तो त्याचा चौदावा संघ होता आणि डोटेलचा विक्रम मोडला गेला. एकाच पोत्यात बांधलेले दोन दाणे, आणि एकाने दुसऱ्याचे माप ओलांडले.

त्या 2011 च्या उन्हाळ्यात सेंट लुईसची स्थिती बिकट होती. ऑगस्टच्या उत्तरार्धात बादफेरीतील शेवटच्या जागेपासून तो संघ साडेदहा सामने मागे होता. शेवटच्या दिवशी त्यांनी ती जागा गाठली. पुढे मिलवॉकीविरुद्धच्या मालिकेत सेंट लुईसच्या आरंभीच्या पिचरांपेक्षा त्यांच्या रिलीफ पिचरांनी अधिक डाव टाकले. गादीवरच्यांपेक्षा मुनीमांनी अधिक व्यवहार केला. अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात टेक्ससपुढे दोनदा अशी वेळ आली की आणखी एकच स्ट्राइक पडता तर सेंट लुईस संपले असते. दोन्हीदा ते वाचले, अकराव्या डावात जिंकले आणि दुसऱ्या दिवशी, 28 ऑक्टोबरला, विश्वविजेते ठरले. डोटेल तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि हा त्याचा बारावा संघ. त्याच बुलपेनमध्ये आर्थर ऱ्होड्स हा बेचाळीस वर्षांचा पिचर होता. वीस हंगामांत तो प्रथमच अंतिम मालिकेत पोहोचला होता, आणि गंमत अशी की त्याच वर्षी तो आधी टेक्ससकडे होता व तेथून त्याला मुक्त करण्यात आले होते. कोणताही संघ जिंकला असता तरी विजेत्याची अंगठी त्याला मिळणारच होती. फिरस्त्यांच्या नशिबात असाही एखादा दिवस असतो.

डोटेलच्या भटकंतीत एक गणवेश मात्र असा होता, ज्याचा सौदा कोणी करू शकत नव्हते. मार्च 2013 मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धेत तो डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या संघात होता. त्या संघाने आठपैकी आठ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी डेट्रॉइटसाठी मोजके सामने खेळून, कोपराच्या दुखण्याने त्याची कारकीर्द थांबली. पंधरा हंगाम परक्या शहरांत काढून तो सांतो डोमिंगोला परतला.

त्यापुढची हकिगत लिहिताना लेखणी जड होते. 8 एप्रिल 2025 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सांतो डोमिंगोतील ‘जेट सेट’ या प्रसिद्ध सभागृहात मेरेंगे संगीताचा कार्यक्रम रंगात आला असता इमारतीचे छत कोसळले. मंचावर गाणारे रुबी पेरेझ गेले, श्रोत्यांमधील दोनशेहून अधिक माणसे गेली. डोटेलला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढण्यात आले होते. परंतु रुग्णालयाच्या वाटेवर त्याने प्राण सोडला. वय अवघे एक्कावन्न.

बारा भावनांत पहिली भावना अनित्याची आहे. आपण ती म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा संपत्ती, रूप, यौवन येते. या माणसाचे आयुष्य पाहताना वाटते की त्याला संसाराने ही भावना दर हंगामात शिकवली होती. आज हे गाव, उद्या ते. आज हा गणवेश, उद्या दुसरा. खोलीतील सामान बांधलेलेच ठेवायचे. तो साधू नव्हता आणि त्याला आदर्शाच्या चौकटीत बसवण्याचा माझा हेतू नाही. परंतु मुक्काम आपला नाही हे कळूनही त्या मुक्कामावरचे काम नेटके करावे, इतकी गोष्ट त्याच्या वहीतून निश्चित वाचता येते. अनित्यभावनेचा अर्थ काम सोडून बसणे असा नाही. जागेवरची आसक्ती सुटली तरी जागेवरचे कर्तव्य सुटत नाही.

आणि आपण, जे गादीवर स्थिर आहोत, त्यांनी या कथेतून काय घ्यावे? मला माझ्यापुरते उत्तर त्या खतावणीत सापडले. मुनीमजी आता हयात नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांचा नातू आमच्या तालुक्याच्या गावीच आहे. मी ती खतावणी घेऊन त्याच्याकडे गेलो. आजोबांचे अक्षर त्याने प्रथमच पाहिले. त्याने विचारले, “आमच्या घरात सांगतात की आजोबा कोठेच टिकले नाहीत. खरे का?” मी म्हणालो, “ते कोठेही टिकले नाहीत, कारण जेथे जेथे बुडत होते तेथे तेथे त्यांना बोलावणे येत होते. हे पान पाहा.” तो बराच वेळ पानावरून बोट फिरवत राहिला.

येत्या क्षमापनेच्या पर्वात आपण आप्तस्वकीयांची, व्यवहारातील मंडळींची क्षमा मागू. त्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या पेढीवर येऊन गेलेल्या, अडचणीच्या वर्षी खांदा देऊन पुढे निघून गेलेल्या माणसांची नावे त्यावर लिहावीत. सगळी आठवणार नाहीत. जी आठवतील त्यांच्यापैकी एकाच्या तरी दारी जाऊन यावे. वहीत जे जमा करायचे राहिले, ते निदान स्वतःच्या हाताने जमा करावे.

जय जिनेंद्र.